नाण्यावरचा डावा मनोरा

राघवेंद्र सर लातुरात बारावीच्या मुलींना रसायनशास्त्र शिकवत आणि उरलेल्या वेळात नाण्यांवर जीव टाकत. एका जुन्या चर्चच्या स्मरणार्थ काढलेलं परदेशी तांब्याचं नाणं त्यांनी नांदेडच्या बाजारातून आणलं होतं. त्यावर दोन उंच मनोरे आणि मधे कमानीचं दार. अशा नाण्याला पाणीसुद्धा लावायचं नसतं, हे त्यांनी घरात कैकदा बजावलं होतं. पण ऐकतंय कोण? लक्ष्मीपूजनाला सौदामिनीबाईंनी देवाच्या भांड्यांबरोबर तेही चिंच लावून लख्ख घासलं आणि ताटात मांडलं.

"अहो, लक्ष्मी काय काळवंडलेली पुजायची?"

सर बायकोशी बोलेनासे झाले. मग भिंग घेऊन बसले, तर डाव्या मनोऱ्याला केसाएवढी भेग. चिंचेच्या आंबटानं धातू खाल्ला असणार, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. नाणं कपाटात कुलूपबंद केलं. तरी दिवाळीची सुट्टी संपेपर्यंत भेग दारापर्यंत उतरली होती.

क्लास सुरू झाला आणि फळ्याच्या डाव्या हाताला, भिंतीवर, तीच भेग दिसली. वळणंसुद्धा तीच. खाली मुली दाटीवाटीनं बसलेल्या आणि त्यांतच सरांची लेक मुग्धा. किल्लारीच्या भूकंपाला पाच वर्षं होऊन गेली होती, तरी सरांनी खडू खाली ठेवला आणि मालकाला बोलावून भेग दाखवली.

क्लासचा मालक बसवंत हसला. "सर, पोपडे हायत ते. अजून किती भ्याचं? बॅच फुल हाय, पोरी कुठं बसवू?"

सरांनी पुन्हा विषय काढला नाही. नोकरी त्याच्या हातात होती. मुग्धाला मात्र त्यांनी दुसऱ्याच दिवशी एसटीत बसवून नांदेडला आत्याकडे धाडलं.

संध्याकाळी कपाट उघडलं. नाण्यावर डावा मनोरा नव्हता. दारापुढे दगडांचा ढीग होता.

सर धावत क्लासवर गेले.

इमारत जागच्या जागी उभी होती. आतून मुलींचा आवाज येत होता. आपली पोर सुटली, एवढंच त्यांच्या मनात आलं आणि त्याची त्यांना लाजही वाटली नाही.

घरी आले तर फोन वाजत होता. पलीकडे बहीण वैष्णवी.

"दादा, मुग्धा पोचली. पण हिला झालंय काय?"

"का गं?"

"किती न्हाऊ घातलं तरी केसांतून दगडाची भुकटी पडून राहिलीय. अन् सारखं एकच विचारते, बाकीच्या पोरींना कधी काढणार?"