अकरा साखळ्यांची पट्टी

उमरावतीच्या मोजणी कचेरीत गोवर्धन सहा वर्षं हंगामी नकाशानवीस होता. उमरावती आणि अकोला, दोन्ही जिल्ह्यांचे नकाशे एका कापडावर जोडून सोमवारपर्यंत दिले की नोकरी कायम, असा साहेबाचा शब्द होता.

पण भातकुलीकडची शीव मूर्तिजापूरकडच्या शिवेला भिडेचना. मधे मोजणीच्या अकरा साखळ्यांची पट्टी कोरी राहिली. त्यानं प्रमाण तपासलं, कागद आकसला का तेही पाहिलं. दोन्ही नकाशे चोख निघाले. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तशी ती जमीन कुणीच आपली म्हटली नव्हती.

गुरुवारी भर दुपारी तो साखळी ओढणाऱ्या नत्थुजीला घेऊन तिथं गेला. पट्टी होती. काळ्या मातीत वांगी, झेंडू, तुराट्यांची झोपडी, भाकरीचा खरपूस वास. बाहेर वारा भणाणत होता, आत झेंडू हलत नव्हता. नत्थुजी धुऱ्यावरच, शेताच्या बांधावरच थांबला.

"वीस वर्सं झाली या शिवेवून चालून रायलो," तो म्हणाला. "इथं काईच नव्हतं."

झोपडीतून पिठाच्या हातानं एक म्हातारी आली. तिनं 'बसा' म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही.

"काहून मोजून राहिले?"

"नकाशा जोडायचा हाय. नाव काय बाई तुमचं?"

"पार्बता. मी कागदावर नाई, तेच बरं हाय." तिनं त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "माह्या घरावून रेघ ओढसान, तर तेवढीच जागा तुमच्याकून जाईन. अंबापेठेत ऱ्हाता ना तुमी?"

गोवर्धननं पत्ता सांगितलाच नव्हता.

शनिवारी साहेब कोऱ्या पट्टीवर खेकसला, "भिडव!" गोवर्धनला म्हातारीची चूल आठवली, लाज वाटली. पण सहा वर्षं! त्यानं दोन शिवांची एक रेघ केली. शाई वाळेपर्यंत कचेरीत भाकर करपल्याचा वास येत होता.

सोमवारी कायम नोकरीचा हुकूम हाती पडला. तेवढ्यात शिवेवर दगड रोवायला गेलेला नत्थुजी परतला आणि त्यानं साखळी टेबलावर टाकली.

"दोनी धुरे चिकटले साहेब. खड्डा खंदला, तं खालून भाकर थापल्याचा आवाज. मले नोकरी नाई पायजे."

गोवर्धन पाच वाजता घरी निघाला. ऊन होतं. हुकूम बायकोला, सत्यभामेला दाखवायचा होता.

गल्लीत आधी किसनरावांचं घर, मग त्याचं, मग खुशालरावांचं.

किसनरावांची भिंत खुशालरावांच्या भिंतीला टेकली होती.

किसनराव ओट्यावर बसले होते. दहा वर्षांचा शेजार. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"कोनाकडं जाचं हाय तुमाले?"

गोवर्धन पुढं झाला. दोन भिंतींच्या मधे रेघेएवढी फट होती. त्यानं तिला कान लावला.

आत भाकर थापल्याचा आवाज येत होता. मग तो थांबला.

"अवो, आले का तुमी?" सत्यभामा म्हणाली. "मी केव्हाची दार शोधून राहिली."