शेपूट

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या, मला कुणाची मनधरणी करायची नाही.

गेल्या पावसाळ्यातली संध्याकाळ. डोंगरातला लांबच लांब रस्ता, एका बाजूला दरी, कुठे वस्ती नाही. आम्ही सहाजण मोटारसायकलींवर निघालो होतो.

आमच्या गटाचा नियम एकच. आरशात मागच्याचा दिवा बघत राहायचं. तो दोनदा लुकलुकला, की थांबायचं.

सगळ्यात शेवटी चालणाऱ्याला आम्ही शेपूट म्हणतो. त्याच्या दोन वर्षं आधी याच रस्त्यावर शेपूट माझा दादा होता.

त्याच्या मागे कुणीच नव्हतं.

तरी मागून दिवा लुकलुकला... दादाच्या पुढे आमच्या गटातला मेकॅनिक होता, त्याने तो स्वतःच्या आरशात पाहिला, दादाच्या दिव्याच्याही मागे. दादा नियमाचा पक्का. थांबला आणि मागे वळला.

गाडी सापडली. स्टँडवर नीट लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं.

दादा सापडला नाही.

आई म्हणाली, ती गाडी विकून टाक. मी विकली नाही. मी ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते, घाबरलेली माणसं हाताळणं हाच माझा धंदा. त्या संध्याकाळी निघताना मेकॅनिकने हात जोडले, दुसऱ्या रस्त्याने जाऊ म्हणाला. मी म्हटलं, जाईन तर त्याच रस्त्याने, दादाच्याच गाडीवर, शेपूट होऊन.

पाऊस झोडपत होता. माझ्या पुढे मेकॅनिक होता, तो वळणाआड दिसेनासा झाला.

आणि आरशात दिवा आला...

माझ्या मागे.

दोनदा लुकलुकला.

मी थांबले. वळले मात्र नाही.

मग हॉर्न वाजला... दोन आखूड, एक लांब. दादा गल्लीत शिरताना वाजवायचा तसाच. तोच भसाडा आवाज.

पण तो हॉर्न तर माझ्या अंगठ्याखाली होता.

मी बटण दाबलं. वाजलं नाही.

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. दोन वर्षं आई दाराला कडी लावत नाही, आणि इथे हा खेळ चाललाय?

"मी मागे येणार नाही," मी ओरडले. "दादा असशील तर पुढे ये. घरी चल."

दिवा विझला. नुसता पाऊस...

घाटाखालच्या पेट्रोल पंपावर मेकॅनिक माझी वाट बघत उभा होता. चेहरा उतरलेला.

"तुझ्या पुढे कोण होतं?" त्याने विचारलं.

"तूच की."

"मी कधीचा इथे उभा आहे. वरून दोन दिवे उतरत होते. पुढचा इथवर आलाच नाही."

त्या गाडीचा हॉर्न अजून बंद आहे. वायर नवी, बटण नवं, मेकॅनिकने हात टेकले.

आणि पाऊस लागला, की आमच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजतो... दोन आखूड, एक लांब.

काल तो फाटकापाशी वाजला.

आई धावली. मी तिला धरून ठेवलं. बाहेर कुणी नव्हतं.

मेकॅनिक म्हणतो, घर बदला. का बदलू? मीच तर बोलावलंय. दादा आलाय, की दादाला नेणारा तो दिवा माझ्या मागोमाग घरापर्यंत आलाय, हे मला माहीत नाही. रात्री झोप लागत नाही.

पण दार वाजलं तर मीच उघडणार. दादा असेल तर त्याला आत घेईन. दुसरं कुणी असेल, तर दादा कुठे आहे ते सांगितल्याशिवाय मी त्याला जाऊ देणार नाही.