उपाशी गाल

"माझ्या दोन मेव्हण्यांपैकी एकाने फसवलंय," खुर्चीत बसायच्या आधीच मयूर म्हणाला.

द्वारका चौकातले हॉर्न ऐकू येऊ नयेत म्हणून मोहिनी खैरनारने खिडकी लावली. गुप्तहेर म्हणून तिचं नाव होतं. तिचा सहायक शेखर याचं नाव खाण्यात होतं.

मयूरची बायको अंजली रक्ताच्या आजाराने दवाखान्यात होती. तिला दुसऱ्याच्या मूळपेशी द्यायच्या होत्या आणि डॉक्टर पूर्ण जुळणारा माणूस शोधत होते. म्हणून सिन्नरला तिच्या भावांकडे पाकिटं गेली. कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची, वाळवायची आणि परत पाठवायची.

"दोघांचे रिपोर्ट अक्षरशः एकच. दोघंही अर्धेच जुळतात. भावांचं असं होऊ शकतं म्हणे, पण सगळ्याच काड्यांवर काळे कण होते. एकानेच दोन्ही पाकिटं भरली असणार."

"आईची तपासणी?"

"सासूबाईंचं वय झालंय, म्हणून केलीच नाही."

"नमुने कधी घेतले?"

"सोमवारी."

"मग आपणही सोमवारीच जाऊ."

मयूर त्यांना सिन्नरला घेऊन गेला, तेव्हा थोरला मनोज ट्रॅक्टर धूत होता. "मिसळ हाणली आन् लगेच काडी फिरवली. प्रफुल्लचं त्यालाच ठाऊक."

धाकट्या प्रफुल्लने बोट उलट मनोजकडेच दाखवलं. "मी चहा पिता पिता दिली. दादाच सुईला लय भितो."

मोहिनीने दोघांना तोंड उघडायला लावलं. दात स्वच्छ होते.

"काड्या पाकिटात कोणी भरल्या?"

"खिडकीत वाळत ठेवल्या व्हत्या, आईनं भरल्या."

"पाकिटात जादा काड्याही असतात ना?"

"दोन-दोन व्हत्या. कुठं गेल्या कोन जाणे."

त्यांच्या आईने, सगुणाबाईंनी, चहा-चिवडा आणला. स्वतः मात्र काही घेतलं नाही.

"सोमवार हाय. त्र्यंबकराजाचा उपास." मग दारात बसून त्यांनी डबी उघडली आणि बोटाने हिरड्यांना तंबाखूची काळी मिश्री लावली.

"उपासाला मिश्री चालते?" शेखरने विचारलं.

"ती कुठं पोटात जाती?"

मोहिनीने पाकिटाबरोबर आलेला कागद मागून घेतला. वाचता वाचता ती हसली.

"मयूरराव, दोघंही खरं बोलतायत. दोघांनी काड्या दिल्या, पण त्या गेल्याच नाहीत. जादा काड्या गेल्या, त्याही एकाच माणसाच्या. काळे कण मिश्रीचे, आणि मिश्री या घरात एकच माणूस लावतं. शिवाय आई आपल्या लेकराशी नेहमी अर्धीच जुळते."

"पण का?" शेखरचा चिवडा हातातच राहिला.

मोहिनीने कागद वाचला. "नमुन्याआधी एक तास काही खाऊ-पिऊ नये."

सगुणाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. "पोरांची तोंडं खरकटी. घरात उपाशी मी एकटीच. म्हनलं, पोरं माझ्याच रक्ताची, माझा गाल चालंल. माझ्या अंजीचा महिना वाया गेला गं बाई."

"महिना गेला, भाऊ नाही गेले," मोहिनी त्यांच्याशेजारी बसत म्हणाली. "आता दोघं तासभर उपाशी राहतील, आणि तुम्ही राखण करा."

सगुणाबाईंनी तासभर दोन्ही लेकांवरची नजर हलवली नाही. मनोजला साधं पाणीही मिळालं नाही.

तीन आठवड्यांनी मयूरचा फोन आला.

"मनोजदादा पूर्ण जुळले. सुईला भितात, तरी उद्याच येतो म्हणाले. अंजली आज पोटभर जेवली. आणि सासूबाईंचा निरोप आहे. प्रफुल्लने मिश्रीची डबी लपवलीय, तेवढी शोधून द्या."

"त्यांना सांगा," मोहिनी म्हणाली, "ती केस मी घेत नाही."