दादाचे न उघडणारे फोटो

"एक मिनिट, काका! भजनं मावत नव्हती म्हणजे काय?" अक्षताने हातातली चकली ताटलीत परत ठेवली.

चकली खालच्या मजल्यावरच्या विनिताच्या घरची होती. भांडुपच्या त्या इमारतीत दिवाळीला सगळ्यांच्या दारात कंदील लागले होते, फक्त अक्षताच्या दारात नव्हता. मागच्या दिवाळीनंतर तिचा सौरभदादा डेंग्यूने गेला. ज्या घरातलं माणूस जातं, त्या घरात वर्षभर सण नाही आणि फराळाची कढईही चढत नाही. मग शेजारपाजारचे आणून देतात. अक्षताच्या ओट्यावर यंदा घराघरांतल्या चकल्या आल्या होत्या आणि खाणारं कोणी नव्हतं. दादा असता तर एकट्याने फडशा पाडला असता.

परवा दादाचं वर्षश्राद्ध. चंद्रप्रकाशकाका त्याच तयारीत होते. काका मनाने सोनं, पण हाती घेतील त्या कामाची वाट लावण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं!

"मावत नव्हती म्हणजे मावत नव्हती!" काका चपला काढत म्हणाले. "सौरभचा पेनड्राइव्ह नुसता पडलाय, म्हटलं परवासाठी त्यात भजनं भरून घेऊ. तर जागाच नाही म्हणतो! मग दिला नंदूच्या स्टुडिओत. तो फॉरमॅट करून भरून देईल."

"फॉरमॅट?" सर्वेश ओरडलाच. तो अक्षताच्या वर्गातला आणि शेजारच्या दारातला. "काका, त्याने सगळं पुसलं जातं!"

"पुसायला आहे काय त्यात? फोटो सगळे करप्ट झालेत. टीव्हीवर उघडत नाहीत, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उघडत नाहीत. मी काय कमी खपलो का त्यांच्यासाठी?" काकांचा आवाज उतरला. "वहिनींना सांगूनही झालं."

ते अक्षताला ठाऊक होतं. त्या दिवशी आई भांडी घासत बसली, घासलेलीच पुन्हा घासत राहिली. दादाचा फोन हॉस्पिटलच्या धावपळीत हरवला तो हरवलाच. त्याने आधी पेनड्राइव्हमध्ये भरून ठेवलेले फोटो तेवढे उरले होते, आणि आता तेही गेले म्हणे. पाटावर ठेवायला दादाचा मोठेपणीचा एकच फोटो होता, आधारकार्डावरचा. त्यात तो पोलिसांनी नुकताच पकडून आणल्यासारखा दिसत होता! दादा तसा नव्हताच मुळी.

"पण काका," अक्षता हळूच म्हणाली, "फोटो मेलेत, तर जागा कोणी अडवलीय?"



"खरंच की! काहीतरी आहे आत!" चकल्या घेऊन आलेली विनिता म्हणाली. ती आठवीत होती, दोघांपेक्षा एक वर्षाने मोठी, आणि हुकूम सोडायचा मान आपलाच असं तिचं ठाम मत होतं. "बघत काय बसलात? पळा!"

तिघं जिना उतरली ती धडाधड. काका वरून "अरे, हळू!" म्हणत राहिले.

नंदूकाकांचा स्टुडिओ दोन गल्ल्या पलीकडे होता. काचेच्या दारातून अक्षताला दिसलं, पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लागलेला होता. पडद्यावर 'सगळं पुसलं जाईल, चालेल का?' अशा अर्थाची चौकट उघडली होती आणि नंदूकाकांचं बोट माउसवर होतं!

"काका, पासपोर्ट फोटो! एकदम अर्जंट!" सर्वेश आत घुसत किंचाळला.

नंदूकाका दचकले. "दिवाळीत पासपोर्ट फोटो? कुठे पळून चाललास काय रे?"

"स्कॉलरशिपला लागतो! आत्ता नाही काढलात तर बाबा मला सोलून काढतील!"

"तुम्हाला सगळं आयत्या वेळी आठवतं!" असं पुटपुटत नंदूकाका उठले आणि त्याला पडद्यामागे घेऊन गेले. "बस. मान सरळ. केस जरा विंचर, पक्ष्याचं घरटं झालंय!"

अक्षता झटकन खुर्चीत बसली. आधी तिने ती चौकट बंद केली, मग पेनड्राइव्ह उघडला. फोटोंच्या जागी नुसते पांढरे चौकोन होते. प्रत्येकाच्या नावापुढे 'जेपीजी' असं शेपूट होतं, आणि प्रत्येक फोटो जोडीने होता. दुसऱ्याच्या नावाला कंसात दोनचा आकडा होता.

"साइज बघ," विनिता कानाशी कुजबुजली. "चांगल्या मोठ्या आहेत गं फाइली."

"म्हणजे डबे भरलेले आहेत. झाकण तेवढं उघडत नाहीये."

"कॉम्प्युटरच्या बाई काय म्हणाल्या होत्या? नोटपॅडमध्ये कुठलीही फाइल उघडते. कचरा दिसतो, पण उघडते!"

पडद्यामागून नंदूकाकांचा आवाज आला, "डोळे मिटलेस पुन्हा!"

"लाइट लागतो ना काका डोळ्यात!" सर्वेश कण्हला.

अक्षताने एक फाइल नोटपॅडमध्ये उघडली. चित्रविचित्र चिन्हांचा नुसता चिवडा! पण पहिल्याच ओळीत त्या चिवड्यातून चार अक्षरं नीट वाचता येत होती. एच, ई, आय, सी. दुसरी फाइल उघडली, तिथेही तीच. मग तिने नंदूकाकांच्या कॉम्प्युटरमधला कुठल्याशा लग्नाचा फोटो तसाच उघडून पाहिला. त्यात होतं जे, एफ, आय, एफ.

"हा खरा जेपीजी," ती म्हणाली. "आणि दादाचे जेपीजी नाहीतच! नुसतं वर नाव लावलंय. हळदीच्या डब्यावर साखर लिहिलं तर चहा गोड होतो का?"

"ए! कोण बसलंय तिथे?" नंदूकाका पडदा सारून बाहेर आले. त्यांच्या मागे पावडर थापलेला सर्वेश. "हात लावायचा नाही हं माझ्या कॉम्प्युटरला! ऊठ आधी!"

अक्षता उठली नाही. "नंदूकाका, हे पुसू नका. यात माझा दादा आहे."

नंदूकाकांचा चढलेला पारा तिथेच थांबला. सौरभला ते ओळखत होते. गल्लीतलं कोण ओळखत नव्हतं त्याला! त्यांनी चष्मा लावला आणि ती चार अक्षरं वाचली.

"अरेच्चा, हे तर आयफोनवालं! सेकंडहँड आयफोन होता ना त्याच्याकडे? ते फोटो जुन्या टीव्हीवर, जुन्या कॉम्प्युटरवर उघडतच नाहीत. पण मग जेपीजी कुणी लिहिलं?"

अक्षताने आईच्या जुन्या फोनवरून काकांना फोन लावला. "काका, तुम्ही फोटोंची नावं बदललीत?"

"नावं नाही गं, फक्त शेवटची अक्षरं!" काका म्हणाले. "ऑफिसातला आकाश म्हणाला, जेपीजी करून घ्या, मग कुठेही उघडतील. मी रोज डबा खाऊन झाला की बसायचो. एकेक करून सगळे जेपीजी केले. एकाच नावाचे दोन-दोन निघाले, डबल असतील म्हणून तेही केले. तरी उघडेनात, मग काय करणार?"

अक्षता रागवायला निघाली होती, पण जमलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत, पवईच्या त्या थंडगार ऑफिसात, काका एकेक नाव पुसून टंकत बसलेले तिला दिसले. नाव बदललं की फोटो बदलतो असं बिचाऱ्यांना वाटलं होतं!

"चला, कामाला लागू," नंदूकाका बाह्या सरसावत म्हणाले. "हे बदलायचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे. लग्नवाले येतात असले फोटो घेऊन."

"आधी कॉपी करा!" अक्षता ठामपणे म्हणाली. "मूळ फाइलींना हात लावायचा नाही."

"बरं, बाईसाहेब!"

कॉपी झाली. अक्षताने एका फोटोचं शेपूट जेपीजीचं पुन्हा एचईआयसी केलं, नंदूकाकांनी तो सॉफ्टवेअरला दिला, आणि सगळे पडद्यावर वाकले. पट्टी सरकली. पडद्यावर रंग उमटले!

"झकास!" सर्वेशने उडीच मारली. पावडरचा ढग उडाला.

फोटोत आई होती. देवघरासमोर उभी, हातात निरांजन, आणि ती हसत होती. आई अशी दात दिसेपर्यंत हसते हे अक्षता विसरूनच गेली होती. मग नंदूकाकांनी सगळेच फोटो बदलायला लावले. एकामागून एक येत गेले. सायकलवरून पडून भोकाड पसरलेली अक्षता. तोंड उघडं टाकून झोपलेले काका. पवईच्या तलावावरची संध्याकाळ. मुलं हसत होती, एकमेकांना ढोसत होती. हळूहळू हसणं कमी होत गेलं.

शेवटचा फोटो आला आणि गेला.

"दादा कुठाय?" अक्षताने विचारलं.

दादा एकाही फोटोत नव्हता. नंदूकाकांनी चष्मा काढून पुसला. "फोटो काढणारा फोटोत नसतो, पोरी. इतकी वर्षं स्टुडिओ चालवतोय, माझ्या घरी माझा फोटो नाही."

अक्षता टेबलावर डोकं ठेवून रडली. वर्षभर ती आईसमोर रडली नव्हती, कारण आई रडत नव्हती. आता मात्र तिला आवरेना. एवढं धावून, एवढं शोधून दादा नव्हताच! परवा पाटावर तोच आधारकार्डाचा चेहरा बसणार होता. विनिता तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सर्वेश उगाच पावडर पुसत उभा होता, पण त्याचेही डोळे भरले होते.

"ह्या जोडीतल्या दुसऱ्या फाइली नाही उघडल्या," थोड्या वेळाने विनिता म्हणाली.

"राहू दे गं," सर्वेश म्हणाला. "काका म्हणाले ना, डबल आहेत."

"डबल असत्या तर ह्यापण उघडल्या असत्या! ह्यांना सॉफ्टवेअर घेतच नाहीये. अक्षू, नोटपॅड!"

अक्षताने डोळे पुसले आणि कंसातल्या दोनवाली एक फाइल उघडली. पुन्हा चिवडा, पण या वेळी पहिल्या ओळीत वेगळीच अक्षरं होती. क्यू आणि टी.

नंदूकाका पुढे वाकले. "हा व्हिडिओ आहे! आयफोनवर एक सोय असते. फोटो काढताना तो थोडं आधीचं, थोडं नंतरचं हलतं चित्रही ठेवतो. आवाजासकट. दोन-तीन सेकंदांचं असतं, बस्स."

"आवाजासकट?" अक्षता खुर्चीतून उठलीच.

त्यांनी शेपूट व्हिडिओचं केलं आणि फाइलवर क्लिक करणार, तोच तिने त्यांचा हात धरला. "इथे आवाज नको, काका. घरी. आईसमोर."

नंदूकाकांनी आवाज बंद करून फक्त चालतं का ते पाहिलं. चालत होतं. टीव्हीला चालतील असे सगळे बदलून त्यांनी पेनड्राइव्ह तिच्या हातात दिला, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तेही मुलांबरोबर निघाले.

आई तांदूळ निवडत होती. "मला नको दाखवूस गं," ती म्हणाली. पण अक्षताने टीव्ही लावलाच. काका दारात उभे होते.

पडद्यावर आई आली, देवघरासमोर, पाठमोरी. आणि खोलीत दादाचा आवाज आला, आईशी बोलतानाच्या त्याच्या लाडिक मालवणीत.

"आये, वायच हस गो! देवाक किती बघशीत? माझ्याकडे बघ!"

पडद्यावरची आई वळली आणि हसली. संपलं.

आईच्या मांडीवरचं ताट कलंडलं, तांदूळ जमिनीवर पसरले. हा आवाज अक्षता विसरत चालली होती! रात्री आठवायला जायची आणि आठवायचा नाही, आणि हे तिने कोणाला सांगितलंही नव्हतं.

"परत लाव," आई म्हणाली.

अक्षताने परत लावला. मग पुन्हा. आणि मग आई रडली, मोठ्याने, वर्षभराचं सगळं. अक्षता तिच्या कुशीत शिरली.

काका दारातच खाली बसले होते. "मी हे पुसायला देऊन आलो होतो," ते म्हणत होते. "स्वतःच्या हाताने." मग त्यांनी तिन्ही मुलांना जवळ ओढलं. "पोरांनो, आम्ही मोठ्यांनी हात टेकले होते रे. तुम्ही होतात म्हणून!"

"ह्या पोरीचं डोकं सॉलिड आहे, चंद्रप्रकाश," नंदूकाका म्हणाले. "आणि ह्या दोघांचंही. सर्वेश, तुझे फोटो मात्र सगळे डोळे मिटलेलेच आलेत!"

आईने पदराने तोंड पुसलं. "नंदूभाऊ, तो देवघरासमोरचा फोटो मोठा करून द्या. मी वळून हसतेय तो. भिंतीवर लावायचाय."

काका चपापले. "वहिनी, वर्षश्राद्धाला जित्या माणसाचा फोटो? लोक काय म्हणतील?"

"पाटावर आधारकार्डाचाच ठेवा. हारही त्यालाच घाला. हा भिंतीवर."

"पण ह्यात सौरभ कुठे आहे?"

"मी कोणाला बघून हसतेय, ते बघा ना भावोजी."

टीव्हीवर तो फोटो थांबलेला होता. अक्षता उठून त्याच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. आई थेट तिच्याकडे बघून हसत होती. दादा तेव्हा इथेच उभा होता.