दोन रंगांचं ग्रीस

"तुमच्या डाव्या चाकातून धूर येतोय."

त्याने माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. प्रेमकथा याहून बऱ्या वाक्याने सुरू होतात, याची मला कल्पना आहे. पण त्या दिवशी घाटाच्या फाटकापाशी मला प्रेमकथा नको होती, फाटक उघडं हवं होतं.

"वाफ असेल," मी काच अर्धीच खाली करून म्हटलं. "पावसाची."

"पावसाला जळका वास येत नाही, मॅडम."

वास मलाही येत होता. मागच्या चढापासून येत होता. शेजारी बसलेली आईही मघापासून रुमाल नाकाशी धरून खिडकीबाहेर बघत होती. आम्ही दोघींनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. बाबा गेल्यापासून आमच्या घरात असंच चाललं होतं... जे खुपतं, त्याच्याबद्दल बोलायचं नाही.

"तुम्ही फाटक उघडा. पलीकडे गेल्यावर बघते मी."

"पलीकडे थोडा चढ आणि मग नुसता उतार आहे." तो खिडकीपाशी वाकला. रेनकोटाच्या टोपीवरून पाणी गळत होतं आणि त्याचे डोळे तपकिरी होते. हे तेव्हा लक्षात यायचं काही कारण नव्हतं, पण आलं. "मागच्या वर्षी एका ट्रेलरचं चाक ट्रेलरच्या आधी खाली पोचलं."

"आणि ट्रेलर?"

"तो काही पोचला नाही."

आई पहिल्यांदा बोलली. "अगं, बघ ना काय म्हणतोय तो."

मी गाडीतून उतरले.

आमच्या ट्रेलरचं नाव गोगलगाय. एक खाट, एक शेगडी, एक खिडकी आणि दोन चाकं. दर उन्हाळ्यात बाबा गोगलगाय गाडीला जोडायचे आणि आम्ही घाट ओलांडून तळ्याकाठी मावशीकडे जायचो. बाबा उन्हाळा संपता संपता गेले. तेव्हापासून आई खोलीतल्या पलंगावर झोपली नव्हती. बैठकीतल्या खुर्चीत बसल्या बसल्या सकाळ करायची. तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती, "हिवाळा मला त्या घरात काढायला लावू नकोस. मला ताईकडे ने. गोगलगायीतून." मी वाचनालयातून लांब रजा घेतली. आणि आज अंधार पडला की हे फाटक बंद होणार होतं, ते थेट बर्फ वितळल्यावर उघडणार होतं.

मी चाकाच्या मधल्या भागाला, हबला, बोट लावलं आणि चटकन मागे घेतलं.

"भाजलं?" त्याने विचारलं.

"नाही."

"दाखवा."

"म्हटलं ना, नाही."

तो हसला नाही. बाटलीतलं थंड पाणी माझ्या बोटावर ओतत म्हणाला, "काकूंना माझ्या खोलीत बसवतो. शेगडी पेटलेली आहे, चहा आहे. अंधार पडायला अजून वेळ आहे. तुम्हाला यातलं कळतं का? मला नाही कळत. मला फक्त फाटक कळतं."

"कळतं," मी म्हटलं. "दर वर्षी बाबांच्या शेजारी बसून केलंय."

एकटीने मात्र पहिल्यांदाच केलं होतं, गेल्या रविवारी. ते त्याला सांगितलं नाही.

जॅक लावून चाक उतरवलं. हबचं टोपण काढलं, पिन काढली, नट सोडवला. तो टॉर्च धरून शेजारी उकिडवा बसला होता. टॉर्च अगदी स्थिर. मला हवा तिथे उजेड, मी न सांगता. त्याच्या खिशातला वॉकीटॉकी खरखरला, "फाटक लावलं का रे?"

"एक गाडी बाकी आहे, साहेब."

"वर बर्फ सुरू झालंय. लवकर उरक."

मी हब ओढून काढला. ग्रीस आत अडवून धरणारं रबरी सील फाटून बाहेर आलं होतं आणि त्यातून ग्रीस वाहून गेलं होतं. बाहेरचं बेअरिंग कोरडं पडून निळसर झालं होतं. मी चिंधीने हब पुसला... आणि थांबले.

मी निळं ग्रीस भरलं होतं. बाबांचा लाल ग्रीसचा डबा शेडमध्ये होता, पण त्याच्या झाकणावर त्यांच्या बोटांचे ठसे होते, म्हणून मी नवा डबा आणला होता. चिंधीवर आता निळं होतं, लाल होतं आणि दोन्ही मिसळून झालेलं जांभळट, सरबतासारखं पातळ काहीतरी होतं. दोन जातींचं ग्रीस एकत्र करायचं नाही, विरघळतं ते. बाबा हे दर वर्षी सांगायचे.

"काय झालं?" त्याने हळूच विचारलं.

मी चिंधी घेऊन त्याच्या खोलीच्या दारात गेले. आई शेगडीपाशी कप धरून बसली होती.

"आई, तू चाकांना ग्रीस भरलंस?"

तिने कप खाली ठेवला. "तू वाचनालयात गेली होतीस. सोमवारी. त्यांची ग्रीसची पिचकारी होती ना, तिने टोपणावरच्या तोटीतून भरलं. भरपूर भरलं, कमी नको पडायला."

"मी रविवारी भरलं होतं! तू डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलीस तेव्हा."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला वाटलं, चाकांचं नाव काढलं की तुला त्रास होईल."

आईने माझ्या हातातली चिंधी उलटीपालटी करून पाहिली. मग म्हणाली, "मलाही तेच वाटलं गं. तुझ्याबद्दल."

आणि आम्ही दोघी हसायला लागलो. हसता हसता तिने पदराने डोळे पुसले, मी ग्रीसच्या हाताने पुसले आणि गालभर जांभळा पट्टा ओढून घेतला. तो दारात उभा होता. वळला आणि उगाचच फाटकाची साखळी तपासायला गेला. त्या पाठमोऱ्या रेनकोटाबद्दल मला एकदम... असू दे.

मी बाहेर आले तेव्हा आभाळ शाईसारखं होत चाललं होतं.

"वाईट बातमी," मी म्हटलं. "दुसऱ्या चाकातही हेच असणार. दोन्ही धुऊन पुन्हा भरायला हवीत."

"जादा बेअरिंगं आहेत?"

"आहेत. सील नाही. आणि सील नसेल तर सगळं पुन्हा वाहून जाईल."

त्याने टॉर्च रस्त्याच्या कडेला वळवली. तिथे रस्ते खात्याचा दिव्यांचा ट्रेलर उभा होता, वाहनांना बाण दाखवणारा. "याच्या चाकात असतं का तसलं काही?"

"असतं. पण तो सरकारी आहे."

"महिनोन्‌महिने आता तो कुठे जाणार?"

"साहेबांना काय सांगाल?"

"गोगलगायीने खाल्लं म्हणून सांगेन."

जुनं सील काढणं म्हणजे मुलाम्याची अंगठी सुजलेल्या बोटातून काढण्यासारखं. जराशी कड वाकली की संपलं. तो हब धरून बसला, मी लाकडी दांडक्याने कडेकडेने उचकटत गेले. बोटं गारठली होती. एकदा दांडकं घसरलं.

"श्वास घ्या," तो म्हणाला.

"तुम्ही घ्या. मघापासून तुमचाच बंद आहे."

सील सुटलं. अख्खं. दुसऱ्या चाकाचंही तसंच निघालं. मापालाही दोन्ही बसली. मग मी आमच्या हबच्या आतली वाटी, जिच्यावर बेअरिंग फिरतं, नखाने चाचपली. तिथे ओरखडा असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. नख सगळीकडून सुळकन फिरलं.

"उजवं चाक मी करतो," तो म्हणाला. "सांगत राहा."

त्याच्या डब्यातल्या डिझेलमध्ये आम्ही बेअरिंगं धुतली, पुसली. आई खोलीतून बाहेर आली, छत्री घेऊन दोघांच्या मधे उभी राहिली आणि छत्री कोणावरच नीट धरेना.

"तळहातावर निळं ग्रीस घ्या," मी ट्रेलरच्या पलीकडे ओरडले. "बेअरिंगची कड त्याच्यात दाबा. वरच्या फटींतून ग्रीस बाहेर येईपर्यंत."

"येत नाहीये."

"हळू दाबताय!"

"जोरात दाबलं तर रागवाल असं वाटलं."

"बेअरिंगला मन नसतं हो."

"बेअरिंगचं नाही म्हणालो मी."

आई मोठ्याने खोकली. मी नट हातात घेऊन वाकले, त्यामुळे माझा चेहरा कोणाला दिसला नाही.

चाक फिरवत नट आवळला, मग सोडला, मग नुसत्या बोटांनी बसवला. पिन घातली. उजव्या बाजूला जाऊन त्याचं काम तपासलं. फटी भरून आल्या होत्या, सगळीकडून सारख्या. नट कसा लावायचा ते दाखवायला त्याच्या बोटांवर बोटं ठेवावी लागली. दोघांचेही हात इतके बुळबुळीत की धरलं काय आणि निसटलं काय, कळत नव्हतं... तरी कोणी काढून घेतले नाहीत.

खिसा पुन्हा खरखरला. "अरे, फाटक!"

"लावतोय, साहेब. शेवटची गाडी निघतेय."

त्याने फाटक उघडलं. मी गाडीत बसले. काय बोलावं? आभार मानले तर ते निरोपासारखं झालं असतं. "सांभाळून," तो म्हणाला. मी मान हलवली आणि गाडी पुढे काढली. आरशात मला फाटक बंद होताना दिसलं आणि छातीत काहीतरी फाटकासारखंच आडवं पडलं.

मग आरशात दोन दिवे उजळले.

ते आमच्या मागे येत होते. वळणावळणाला. बर्फ काचेवर ठिपक्यांसारखं पडत होतं, रस्ता जेमतेम दिसत होता आणि माझे कान डाव्या चाकाकडे होते. घाटमाथ्यावर गाडी थांबवली. नव्या भरलेल्या चाकाला थोडं अंतर गेल्यावर हात लावून बघायचंच असतं. मागची जीपही थांबली. तो टॉर्च घेऊन आला, मी हबवर तळवा ठेवला. त्याने शेजारी ठेवला.

"कोमट," मी म्हटलं.

"म्हणजे बरं की वाईट?"

"बरं." मी तळवा पुसला. "आता तुम्ही परत कसे जाणार? या बर्फात?"

"परत नाही जायचं. शेवटच्या गाडीच्या मागे राहायचं, पलीकडचं फाटक लावायचं आणि हिवाळा पलीकडच्या चौकीत काढायचा. दर वर्षी असंच असतं. तळ्याच्या अलीकडे."

"हे तुम्ही आत्ता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं, स्वार्थापोटी फाटक उघडं ठेवलं."

"आणि नव्हता स्वार्थ?"

तो टॉर्चशी चाळा करत राहिला. "तुम्ही गालाला ग्रीस लावून बाहेर येईपर्यंत तरी नव्हता. मग... होता. आहे."

वारा असा सुटला होता की काही बोलायचं तर जवळ जावं लागत होतं. मी गेले. पण बोलले काहीच नाही. उतार बाकी होता, आई गाडीत होती आणि डावं चाक अजून पुरतं भरवशाचं नव्हतं. नुसती त्याच्या रेनकोटाची बाही धरली, घट्ट. मग सोडली आणि गाडीत बसले.

उतारभर मी एकदाही घाई केली नाही. खालच्या फाटकापाशी पुन्हा उतरून दोन्ही चाकांना हात लावला. गार. समोर, तळ्याच्या काठाला, मावशीच्या खिडकीतला दिवा दिसत होता.

त्याने फाटक ओढून कुलूप लावलं आणि माझ्या खिडकीपाशी आला. "काकूंना सांगा..."

"हळू," मी म्हटलं.

आई झोपली होती. मान खिडकीला टेकवून, तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल. बाबा गेल्यापासून मी तिला अशी झोपलेली पाहिली नव्हती.

त्याने टॉर्च विझवली. मग कुजबुजला, "उद्या चाकं बघायला येऊ का?"

"चाकांना आता वर्षभर हात लावायची गरज नाही."

"अच्छा." त्याने मान खाली घातली.

मी गाडी सुरू केली, इतकी हळू की आई हलूसुद्धा नये.

"तरी या," मी म्हटलं. "सकाळीच या."