सायली घरी आहे

विश्वास ठेवा, नका ठेवू. यातलं एक अक्षरही पदरचं नाही.

गाव काष्टी, तालुका श्रीगोंदा. मागच्या नोव्हेंबरातला शनिवार, बाजाराचा दिवस. रात्र नव्हतीच. भर दुपारचे सव्वादोन वाजले होते.

रश्मी कामावर, मेडिकल दुकानाच्या काउंटरवर. तिची अकरा वर्षांची सायली घरी एकटी.

आधी बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की सायली शेजारच्या रंगुबाईजवळ, भाजीच्या कापडी पालात बसायची. मग रश्मीनं सायलीला मोबाईल दिला आणि त्यावर लक्ष ठेवणारं ॲप घेतलं. वेळ संपली की गेम बंद. पोरगी कुठे आहे तेही दिसतं. पालात बसणं थांबलं.

"मोबाईल काय पोरीला धरून बसतोय व्हय गं?" रंगुबाई हसली होती.

"मावशी, तुमच्यापेक्षा नीट लक्ष ठेवतो तो."

त्या दुपारी रश्मीनं ॲप उघडलं. हिरवा ठिपका. 'सायली घरी आहे.'

सहज म्हणून तिनं फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"काय करतेस गं?"

"अभ्यास."

"जेवलीस?"

"हो, आई."

"गेम बंद झाला म्हणून रुसली नाहीस ना?"

"नाही, आई."

घर बाजाराच्या मागेच. विक्रेत्यांचे भोंगे घरात सतत ऐकू यायचे. फोनमध्ये मात्र...

काहीच नव्हतं.

भोंगा नाही. पंखा नाही. श्वाससुद्धा नाही...

रश्मीला ते जाणवलं. पण समोर गिऱ्हाईक उभं होतं.

चार वाजता रंगुबाई दुकानात आली. तिनं सायलीचं मनगट घट्ट धरलेलं. पोरीची एक वेणी सुटलेली.

"रश्मे, ही बघ. यष्टी स्टँडवर हुती. एक बाप्या हिला गाडीत बस म्हनत हुता. मी वरडले तसा पळाला!"

सायली हुंदके देत बोलली. गेममध्ये तिची एक मैत्रीण होती. निकिता, सहावीतली. ती म्हणाली होती, दीड वाजता स्टँडवर ये. मोबाईल घरीच ठेव, म्हणजे आईला कळणार नाही.

निकिता आलीच नाही. तो माणूस आला.

म्हणजे पोरगी दीडपासून स्टँडवर होती.

"मग फोन कुणी उचलला?" रश्मीनं विचारलं.

"कुठला फोन, आई?"

घरी जाऊन पाहिलं, तर कुलूप होतं. किल्ली सायलीच्या पाठीवरच्या दप्तरात.

आत कोणी नव्हतं...

मोबाईल कॉटवर. रश्मीनं उचलला. गरम होता... कुणीतरी आत्ताच हातातून ठेवल्यासारखा. स्क्रीनवर नोंद होती. दोन वाजून सोळा मिनिटं. बोलणं चार मिनिटं.

पोलिसांत तक्रार दिली. त्या माणसाचा तपास चालू आहे. त्या चार मिनिटांबद्दल मात्र रश्मी तिथं काही बोलली नाही. लाज वाटली.

आता शनिवारी सायली पुन्हा पालात बसते. परवा घरी मेथी निवडताना तिनं विचारलं, "आई, तो आवाज माझा नव्हता, हे तुला ओळखू आलं नाही?"

"रेंज नव्हती गं," रश्मी म्हणाली.

खोटं होतं ते. आवाज स्वच्छ होता. हट्ट नाही, उलट उत्तर नाही. अशी गुणी सायली रश्मीनं कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. आणि तिला ती आवडली होती.

फोन ठेवताना ती मायेनं म्हणाली होती, "अशीच राहा गं, बाळा."

पलीकडून लगेच उत्तर आलं होतं...

"राहते, आई."