जमिनीतून आलेली हाक

"ताई!"

हाक आली, उंबऱ्यावर क्षणभर थबकली आणि विझून गेली. ताई वळली नाही. दाराकडे पाठ करून, मांडीत शेवटचा हंडा घेऊन ती चिंधीनं त्याचं पोट उजळीत बसली होती... सावकाश, थकल्या हातानं, म्हाताऱ्या आईचं अंग पुसावं तशी.

"ताई, मी आलोय गं!"

कशी वळणार बिचारी! ज्या कानांनी धाकट्या भावाचं पहिलं रडणं ऐकलं, ते कान तिनं केव्हाच त्याच्यावरून ओवाळून टाकले होते. आणि ज्याच्यावरून ओवाळले, त्या एकट्यालाच त्याचा पत्ता नव्हता!

ही गल्ली तेव्हा तांबटांची होती. दारोदारी ऐरण, आणि ऐरणीवर हातोडा. उजाडल्यापासून असा नाद उठे, की नवखा माणूस कानांवर हात ठेवून पळत सुटे आणि गल्लीतलं तान्हं मूल मात्र त्याच नादात गाढ झोपी जाई. सुट्टीच्या दिवशी सगळं शांत झालं, की तेच दचकून रडायला लागे. वडिलांचा हात लुळा पडला, तेव्हा ताईनं हातोडा उचलला. "हे काय बाईमाणसाचं काम?" असं म्हणणारे म्हणत राहिले, भाऊ शिकत राहिला. शाळेतून आला की दप्तर भिरकावून ऐरणीवर ठोके मारायचा, दोन जड आणि एक हलका. म्हणजे काय, तर "ताई, भूक लागली!"

पण हंडा मठारताना, बारीक ठोके देऊन घडवताना, कान अगदी तांब्याशी जाई, आणि हळूहळू ऐकू कमी येऊ लागलं... डॉक्टर म्हणाले, "हातोडा सोडा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल." ताईनं डॉक्टर सोडला, हातोडा नाही! भावाला कळतं तर त्यानं पुस्तकं फेकून ऐरण धरली असती, इतका तो हट्टी. म्हणून तिनं अख्ख्या गल्लीला आपल्या जिवाची शपथ घातली. जिच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे, त्या गल्लीनं हे मात्र पोटात ठेवलं. ताई ओठ वाचायला शिकली, आणि भाऊ पुस्तकातून मान वर काढायचा तो फक्त जेवायला.

पुढे त्याला दूरच्या शहरात नोकरी लागली. "तूही चल," म्हणाला. अंथरुणाला खिळलेल्या वडिलांना टाकून ती कशी जाणार? शब्दाला शब्द लागला. "तुला माझ्यापेक्षा तांबं प्यारं!" असं म्हणून तो तरातरा निघाला, पण गल्लीच्या तोंडाशी त्याचे पाय अडखळले. "ताई! चुकलो गं!" तो हाका मारीत राहिला आणि ताई डोळ्यांना पदर लावून आत निघून गेली... त्याला दिसली ती फक्त पाठ.

नंतर समोरच्या इस्त्रीवालीच्या दुकानात त्याचे फोन यायचे. ताई फोन कानाला लावून म्हणायची, "मी बरी आहे. तू जेवत जा. ठेवते हं." आणि ठेवून द्यायची. उत्तर ऐकायला कान हवेत ना! भावाला वाटे, ताईचा राग जात नाही. हळूहळू फोन थांबले.

वडील गेले. तांबट एकेक करून पांगले. ऐरणींच्या जागी काचा आल्या, काचांमागे मोबाइलची कव्हरं आणि फेसाळ कॉफी. गाड्यांना रस्ता अपुरा पडू लागला. गल्ली मुकी झाली हे ताईला कळलं सगळ्यांत शेवटी, तेही तळव्यांना! इतकी वर्षं जमिनीतून ठोके तिच्या पायांत यायचे. एका सकाळी ती अनवाणी उभी राहिली, तर जमीन थंडगार... प्रेतासारखी!

आणि आता रस्ता रुंद करणार, उद्या हे घरही पाडणार होते. कुठं जायचं ते तिनं देवावर सोपवलं होतं.

इतक्यात हंड्याच्या उजळल्या पोटात एक सावली हलली. ताई वळली. पिकलेले केस, ओठ झाकणाऱ्या जाड मिशा... पण डोळे! ते डोळे ती कशी विसरेल? त्याच्या मिशा हलत होत्या, पण शब्द वाचता येईना. तिनं आपलं ठेवणीतलं वाक्य पुढं केलं.

"मी बरी आहे. तू जेवलास?"

"तेच वाक्य!" त्याचा स्वर फाटला. "घर पडणार कळलं म्हणून न्यायला धावत आलो, आणि तू... अजून माफ नाही केलंस ना? येतो मी."

तो वळला, तो थेट इस्त्रीवालीवर आदळला. कपड्यांचं बोचकं धाडकन खाली टाकून ती कडाडली, "अरे शहाण्या, कुणावर रुसतोस? बहिरी आहे ती! तुझ्या शिक्षणापायी कान गेलेत तिचे!"

तिचे ओठ ताईला चांगले वाचता आले.

"शपथ मोडलीस!" ताई म्हणाली.

"शपथ गल्लीनं घेतली होती, बाई. गल्ली उरलीय कुठं? मी एकटीनं किती दिवस वाहायची?"

भाऊ ऐरणीपाशी येऊन बसला. तो काहीतरी बोलत होता, रडत होता, कपाळ बडवून घेत होता... ताईला काही काही ऐकू येत नव्हतं. देवाच्या काठीला आवाज नसतो म्हणतात. पण त्याच्या मायेला तरी कुठं असतो?

मग त्यानं धूळ खात पडलेला हातोडा उचलला आणि जमिनीत रोवलेल्या ऐरणीवर हाणला. एक जड. आणखी एक जड. मग एक हलका.

मेलेली जमीन थरारली. तो थरार ताईच्या तळव्यांतून गुडघ्यांत, गुडघ्यांतून काळजात चढला. तिनं हंडा बाजूला ठेवला, भिंतीचा आधार घेत, कण्हत उठली, आणि त्याच्या पिकल्या केसांवरून हात फिरवीत म्हणाली,

"ऐकलं रे, ऐकलं... भूक लागलीय ना? वाढते हं."